सहाव्या फेरीपुढची फुली

गेल्या रविवारी एका बाईंनी मला, अगदी सौम्य शब्दांत, खुर्चीवरून उठायला सांगितले. तो अपमान होता की नियम, हे ठरवण्यात माझा अख्खा आठवडा गेला. अजून ठरलेले नाहीच. पण लिहिल्याखेरीज ही गोष्ट डोक्यातून जाणार नाही, म्हणून लिहीत आहे.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला येऊन आम्हाला सहा वर्षे होतील. चिरंजीव दहा वर्षांचे आहेत आणि त्यांना गेल्या दीड वर्षापासून कार्ट रेसिंगचे, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींचे, वेड लागले आहे. इथे आठव्या वर्षापासून मुलांना कॅडेट गटात शर्यतीत उतरता येते. फॉर्म्युला वनचा जगज्जेता लुईस हॅमिल्टन त्याच वयात हॉड्सडनच्या राय हाउस ट्रॅकवर गाडी चालवत होता, हे प्रत्येक रविवारी कोणता ना कोणता बाप चहाच्या रांगेत सांगतोच. खर्चाबद्दल कृपया विचारू नका. सासूबाईंनी विचारले तेव्हा फोनचे नेटवर्क गेले होते. छोटे क्लब स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात, त्यामुळे प्रत्येक पालकाच्या वाट्याला काही ना काही काम येते. नवरा पान्हे घेऊन गाडीखाली असतो. मी मात्र फोर्टमधल्या एका बँकेच्या बॅक ऑफिसात चौदा वर्षे नोंदी जुळवल्या आहेत, असे एकदा बोलून गेले आणि थेट टायमिंग रूममध्ये जाऊन पडले.

तिथे जाईपर्यंत माझी समजूत अशी होती की संगणक गाडी ‘बघतो’ आणि वेळ सांगतो. प्रत्यक्षात संगणकाला काहीही दिसत नाही. शेवटच्या रेषेपाशी डांबरात खाच पाडून ट्रॅकच्या या काठापासून त्या काठापर्यंत तार पुरलेली असते, आणि तीच तार थोड्या अंतरावरून परत येते. याला लूप म्हणतात. प्रत्येक कार्टच्या आसनामागे, ठरवून दिलेल्या उंचीवर, मुठीत मावेल एवढा एक ट्रान्सपाँडर बसवलेला असतो आणि तो आपला स्वतःचा क्रमांक अखंड पुकारत असतो. तो लूपवरून जाताना हा संदेश चढत जातो, एका क्षणी सर्वांत तीव्र होतो आणि मग उतरतो. त्या सर्वोच्च क्षणाची नोंद टायमिंग रूममधला डिकोडर करतो. संगणकाचे काम त्यानंतर सुरू होते, आणि खरे सांगायचे तर ते वजाबाकीचे आहे. या फेरीच्या क्षणातून मागच्या फेरीचा क्षण वजा केला की लॅपची, म्हणजे एका फेरीची, वेळ मिळते. ट्रान्सपाँडर आसनामागेच का, हा प्रश्न मलाही पडला होता. उत्तर इतके सरळ होते की विचारल्याची लाज वाटली: एकाने तो नाकाडावर लावला आणि दुसऱ्याने पाठीमागे, तर शर्यत गाड्यांची न राहता डब्यांची होईल.

अर्थात वजाबाकी करणाऱ्यालाही सांभाळावे लागतेच. कोणता ट्रान्सपाँडर कोणत्या मुलाचा, ही यादी सकाळी नीट भरली नाही तर उसना ट्रान्सपाँडर लावलेल्या मुलाच्या फेऱ्या घरी झोपलेल्या मुलाच्या नावावर जमा होतात. एखादी गाडी रेषेवरच बंद पडली तर तीच गाडी पुन्हा पुन्हा ओलांडल्यासारखी दिसू शकते; म्हणून अमुक सेकंदांच्या आतली नोंद फेरी धरायची नाही, असे आधी सांगून ठेवावे लागते. ती मर्यादा फार वर ठेवली तर खऱ्या फेऱ्याही गळतात. बँकेतली माझी चौदा वर्षे अशाच गळलेल्या नोंदी शोधण्यात गेली असल्यामुळे पहिल्याच महिन्यात मला तिथे माहेरी आल्यासारखे वाटू लागले.

आणि मग ते हजारांश. दशांश चिन्हानंतर तीन आकडे असतात, आणि त्या तिसऱ्या आकड्यावर मी सुरुवातीला मनसोक्त हसले होते. आपल्या पिढीला एक शतांश पुरेसा दुखावून गेलेला आहे: 1984 साली लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचे कांस्यपदक 55.42 आणि 55.41 यांच्यामधल्या फटीत पडले. त्याहून बारीक मोजून कोणाचे काय भले होणार, असे मला वाटे. पण 1997 साली हेरेझला फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत विल्नव्ह, शूमाकर आणि फ्रेंट्झन या तिघांची वेळ हजारांशापर्यंत सारखी, 1 मिनिट 21.072 सेकंद, आली होती आणि ज्याने ती आधी नोंदवली त्या विल्नव्हला शर्यतीच्या सुरुवातीची पहिली जागा मिळाली. कार्टिंगमध्ये अशा वेळी दोघांची दुसऱ्या क्रमांकाची उत्तम फेरी बघतात. मला हा नियम फार आवडतो, कारण त्यात केवळ आधी येण्याचे पुण्य मोजत नाहीत. ताशी ऐंशी किलोमीटर वेगाने जाणारी कार्ट एका हजारांश सेकंदात सुमारे सव्वादोन सेंटिमीटर पुढे सरकते, म्हणजे अंगठ्याच्या रुंदीएवढी. एवढ्यासाठी मोठी माणसे पावसात उभी राहून वाद घालतात.

आता रविवार. कॅडेट गटाची अंतिम शर्यत, दहा फेऱ्या, चौदा मुले. एरवी मुलाची शर्यत असली की मी बाहेर जाते, पण त्या दिवशी एक जण आजारी असल्यामुळे पडद्यासमोर मीच होते. शेजारी आमच्या मुख्य टाइमकीपर बाई पेन्सिल घेऊन लॅप चार्ट लिहीत होत्या. प्रत्येक फेरीला एक रकाना, आणि रेषा ओलांडतील त्या क्रमाने गाड्यांचे क्रमांक. सॉफ्टवेअर असताना हे कशाला, असे मी त्यांना पूर्वी एकदा विचारले होते. त्यांनी उत्तर न देता पेन्सिलीला टोक काढले होते.

सहाव्या फेरीत 38 क्रमांकाची, म्हणजे चिरंजीवांची, गाडी माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि पडद्यावरची तिची ओळ हलली नाही. बाकीच्या तेरा ओळी सरकल्या, आमची खाली खाली जात तळाशी पोहोचली. पुढच्या वेळी ती गाडी नोंदली गेली तेव्हा तिच्यापुढे लॅपची वेळ आली 1 मिनिट 44.862 सेकंद, म्हणजे उघडउघड दोन फेऱ्यांची बेरीज. यंत्राचा काहीही दोष नव्हता, दोष आमच्या घरचा होता. सकाळी आसन बदलताना नवऱ्याने ट्रान्सपाँडरची पिन पुरती बसवली नव्हती, त्यामुळे डबा कलला होता आणि लूपवरून जाताना कधी संदेश पोहोचत होता, कधी नाही. झेंडा पडला तेव्हा चिरंजीव प्रत्यक्षात पाचवे होते, मागच्या मुलापेक्षा सात हजारांश सेकंदाने पुढे, म्हणजे वीतभरही नाही. आणि पडद्यावर, एक फेरी कमी भरल्यामुळे, चौदावे.

अशी गळलेली नोंद हाताने घालता येते. ओळीवर जायचे, वेळ लिहायची, ठीक म्हणायचे. सगळे मिळून चार सेकंदांचे काम. माझा हात माउसवर गेला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, “जरा उठतेस का?” इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असल्यामुळे ते ‘उठतेस का’ होते की ‘उठता का’, हे मला अजून कळलेले नाही.

मी उठले आणि वर्गाबाहेर उभ्या केलेल्या मुलीसारखी दारात जाऊन राहिले. बाईंनी लॅप चार्टच्या सहाव्या रकान्यात 12 आणि 7 यांच्यामध्ये 38 असल्याची खात्री केली. मग रेषेवरच्या कॅमेऱ्याचे चित्रण काढले. त्यात सेकंदाला पंचवीस चित्रे असतात, म्हणजे दोन चित्रांमध्ये चाळीस हजारांश सेकंद निसटतात, आणि त्यातून वेळ काढली तरी ती अंदाजाचीच. त्यांनी ती घातली, सहावी आणि सातवी या दोन्ही फेऱ्या उत्तम लॅपच्या हिशेबातून काढून टाकल्या, सहाव्या फेरीपुढे फुली केली, कागदावर आद्याक्षरे लिहिली आणि शर्यतीच्या मुख्य अधिकाऱ्याची सही घेऊन आल्या. या सगळ्याला आठ मिनिटे लागली. चिरंजीव पाचवे. मला मात्र त्यांच्यापेक्षा जास्त घाम आला होता.

स्वतःचे मूल ज्या शर्यतीत असेल त्या शर्यतीच्या नोंदींना हात लावायचा नाही, असा नियम दाराच्या आतल्या बाजूला टाचलेला आहे, हे मला नंतर कळले. मला राग नियमाचा आलाच नव्हता. एकाने नोंद करायची आणि दुसऱ्याने ती तपासून मंजूर करायची, याला आपल्या बँकांत मेकर-चेकर म्हणतात, आणि हा धडा मी इंग्लंडला येण्याच्या कितीतरी आधी हुतात्मा चौकाजवळच्या एका तिसऱ्या मजल्यावर गिरवला आहे. माझ्या पासवर्डवर शेजारणीने कधी काम केले नाही की मी तिच्या. तेव्हा या बाबतीत आम्हाला कोणी काही शिकवावे, अशी परिस्थिती नव्हती. राग याचा आला की बाईंनी माझी चौदा वर्षे जमेस धरली नाहीत आणि मला इतर कोणत्याही आईसारखे वागवले.

आता हेही लिहून टाकते. 104.862 सेकंदांची दोन फेऱ्यांत वाटणी करायची होती. सारखी वाटणी केली तर प्रत्येकी 52.4 आणि थोडे. पण सहावीला 52.1 दिले असते तर ती मुलाच्या आजवरच्या शर्यतींतली सर्वांत वेगवान फेरी ठरली असती. बेरीज तीच राहिली असती, क्रमांक तोच राहिला असता, आणि कोणाचेही काही गेले नसते. हा हिशेब उठण्यापूर्वीच माझ्या डोक्यात होऊन गेला होता. मी तसे केले नसते, याची मला खात्री आहे. पण हिशेब झाला होता.

मुलुंडच्या आमच्या सोसायटीत गणपतीतल्या मुलांच्या शर्यती अनेक वर्षे मीच घेतल्या आहेत, मोबाइलच्या घड्याळावर. एका वर्षी धावण्याच्या शर्यतीत दोन मुले जवळजवळ एकत्र आली. घड्याळात एक दशांशाचा फरक दिसत होता; मी दोघांनाही पहिले जाहीर केले आणि दोन कंपासपेट्या दिल्या. त्यातल्या एकाची आई तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती आणि ती नंतर बोलू लागली, हा योगायोग आहे. शास्त्रीयदृष्ट्याही माझा निर्णय योग्यच होता. घड्याळ हाताने लावले की माणसाचा प्रतिक्रियेचा वेळ त्यात शिरतोच. 1960 साली रोमला मिल्खासिंगांची वेळ हातघड्याळांवर 45.6 होती आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रावर 45.73. माझा अंगठा ऑलिंपिकच्या पंचांपेक्षा तल्लख असण्याचे काही कारण नाही. सांगायचे एवढेच की एक दशांश हे माझ्या अंगठ्याचे अंतर होते, मुलांचे नव्हते, आणि ती बरोबरी या अर्थाने इथल्या हजारांशाइतकीच प्रामाणिक होती. दुसरी कंपासपेटी मात्र मी स्वतःच्या पैशांनी आणली होती, हे सोसायटीच्या हिशेबात कुठे आलेले नाही.

त्याच दिवशी टायमिंग रूममध्ये एकाने, काहीशा आस्थेनेच, विचारले की तुमच्याकडे अजून स्टॉपवॉचच वापरतात का. मी आधीच दुखावलेली होते, त्यामुळे उत्तर जरा लांबले. पवईच्या एका गो-कार्ट ट्रॅकवर आमच्या ऑफिसची सहल गेली होती तेव्हा बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात लॅपच्या वेळा छापलेली पट्टी होती आणि माझ्या वरिष्ठांनी आपली पट्टी चुरगळून टाकली होती, हे मी सांगितले. मुंबई मॅरेथॉन 2004 पासून होते आणि तिथे हजारो माणसांच्या वेळा चिपवर घेतात, हे सांगितले. राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या आमच्या कोल्हापूरला झाल्या आहेत, हेही ऐकवले. माझे वडील मध्य रेल्वेत गार्ड होते आणि जिथे गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते अशा स्थानकांवर त्यांनी हयात काढली, हे सांगताना तर माझा आवाज चढला. 9:07 ची गाडी किती वाजता येते, ते मी सांगितले नाही. तेवढे घरचे घरात.

बाबा आता शहात्तर वर्षांचे आहेत. रविवारी निकालाचा कागद व्हॉट्सॲपवर जाईपर्यंत ते मुलुंडला जागे बसतात. इथे संध्याकाळ असली तरी तिथे अकरा वाजून गेलेले असतात. भाऊ त्यांना प्रिंट काढून देतो आणि ते फूटपट्टी धरून ओळीने वाचतात, एकही फेरी न सोडता. पाचवा क्रमांक मी आधीच सांगितला होता, सात हजारांशही सांगितले होते, पिनेचा दोष जावयाच्या माथी मारून झाला होता. खुर्चीचे बोलले नव्हते.

“सहाव्या फेरीपुढे ही फुली कसली गं?”

मग सांगावेच लागले, दाराशी उभी राहिले तिथपर्यंत. 52.1 चेही सांगितले. पलीकडून काही वेळ फक्त पंख्याचा आवाज येत होता. मग ते म्हणाले की त्यांच्या वहीतही खाडाखोड चालत नसे. वेळ चुकली तर खालचे वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि बाजूला सही करायची.

“या फुलीवर सही कोणाची आहे?”

“त्या बाईंची.”

“बरं,” असे म्हणून त्यांनी फूटपट्टी खाली सरकवली असावी. “आणि आठव्या फेरीत हा एवढा मागे का पडला?”