प्रोटिओमिक्सची कॉन्फरन्स, पोस्टरची नळी आणि 44 चा जिना

पोस्टरची नळी घेऊन विमानात बसणं ही एक शिक्षाच आहे. वरच्या कप्प्यात ती आडवी मावत नाही आणि पायाशी उभी धरली की शेजारचे काका विचारतात, मासे पकडायला निघालात का. दोन फ्लाइट बदलून, रात्रभर जागून मी प्रोटिओमिक्सच्या (सगळ्या प्रोटीन्सचा एकत्र अभ्यास) छोट्या कॉन्फरन्सला पोचले तेव्हा डोक्यात गाईडचं एकच वाक्य फिरत होतं, एवढ्याशा विषयाच्या कॉन्फरन्सला कशाला जातेस, सगळं प्रीप्रिंटमध्ये (छापण्याआधी ऑनलाइन टाकलेले पेपर) मिळतं की.

आणि पहिला दिवस तसाच गेला हो! सुरुवातीच्या भाषणात नेहमीचा इतिहास, म्हणजे 'प्रोटिओम' (एखाद्या जीवातली सगळी प्रोटीन्स मिळून) हा शब्द मार्क विल्किन्स यांनी 1994 साली सिएनाच्या मीटिंगमध्ये पहिल्यांदा वापरला वगैरे, मग 2020 मध्ये ह्यूपोने (ह्यूमन प्रोटिओम ऑर्गनायझेशन) माणसाच्या 90 टक्क्यांहून जास्त प्रोटीन्सचा पक्का पुरावा मिळाल्याचं जाहीर केलं ते. मग कंपन्यांची टॉक्स, एका रनमध्ये (मशीनवरच्या एका फेरीत) आमचं मास स्पेक मशीन (मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंचं वजन मोजणारं) किती हजार प्रोटीन्स दाखवतं याची चढाओढ. सॅम्पल कुठलं म्हणाल तर हेला सेल्स (लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशी), कायम हेला सेल्स, रक्तातला प्लाझ्मा तिथे कोणी घेतला नाही, कारण त्यातल्या प्रोटीन्सचं निम्मं वजन एकट्या अल्ब्युमिनचं आणि बाकीची त्याखाली झाकली जातात.

माझं दुखणं वेगळंच होतं. सहा महिने ग्रेडियंटच्या (कॉलममधून पेप्टाइड्स एकेक वेगळी काढण्याच्या) मधेच पेप्टाइडचा, म्हणजे प्रोटीनच्या तुकड्याचा, सिग्नल बसत होता, कॉलम बदलून झाला, ट्रिप्सिन (प्रोटीन कापणारं एन्झाइम) बदललं, सोर्स (मशीनचा आयन बनवणारा भाग) साफ केला, मिसिंग व्हॅल्यूज (डेटातल्या रिकाम्या जागा) काही कमी होईनात. पोस्टरवर मात्र छान व्होल्केनो प्लॉट (कोणती प्रोटीन्स किती बदलली त्याचा आलेख) मोठा छापलेला, आणि कोपऱ्यात एक छोटासा कच्चा स्पेक्ट्रम (मशीनने मोजलेल्या वजनांचा आलेख), जो गाईडनी काढ म्हणून सांगितलेला आणि मी विसरलेली.

दुसऱ्या दिवशी पोस्टर सेशन संपत आलेलं, लोक चहाकडे वळलेले, तेव्हा एक वयस्कर बाई आल्या, व्होल्केनोकडे बघितलंसुद्धा नाही, सरळ त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे पीक मोजलेस का? प्रत्येकात 44 चं अंतर आहे." मी बघतच राहिले. वजनात 44 डाल्टनच्या पायऱ्यांचा असा जिना म्हणजे पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल), पॉलिमर, ज्याच्या साखळीची एकेक कडी 44 ची, जे पेप्टाइड्ससोबत बाहेर पडतं आणि त्यांचं आयनायझेशन (विद्युतभार घेणं, ज्याशिवाय मशीनला ती दिसत नाहीत) दाबून टाकतं. त्यांनी विचारलं, वॉशमध्ये काय घालतेस? ट्वीन, मी म्हटलं, म्हणजे पीईजीच्या साखळ्या असलेला डिटर्जंट. मग हसल्या, म्हणाल्या आमच्याकडे हे एकाच्या हँडक्रीममुळे झालं होतं, तीन आठवडे गेले, पेपरमध्ये अर्थातच लिहिलं नाही. पुढचा तासभर आम्ही फक्त फसलेल्या रन्सवर बोललो, त्वचेतून सॅम्पलमध्ये पडणारं केराटिन, पिपेटच्या जुन्या टिप्स, अर्धवट पचलेली सॅम्पल्स. नोट्स घ्यायलाही सुचलं नाही.

आदल्या वर्षी मी हजारो लोकांच्या मोठ्या मास स्पेक मेळाव्याला गेले होते, तिथे एका हॉलमधून दुसऱ्यात पळण्यातच दिवस संपला आणि पोस्टरपाशी जे आले ते पेन वाटणारे. इथे जेमतेम दीडशे माणसं, एकच हॉल, जेवायला तीच, बसमध्ये तीच. म्हणून मला विचाराल तर जावं, पण हातात स्वतःचा बिघडलेला डेटा असेल तरच. पहिल्या वर्षाला असाल आणि अजून एकही रन केला नसेल तर त्याच पैशात सॅम्पल प्रेपचं वर्कशॉप करा, भाषणं काय, नंतर वाचून होतात.

परतीच्या विमानात नळी विसरले. उतरल्यावर आठवलं, पण मागे नाही गेले. लॅबमध्ये पोचून आधी ट्वीनची बाटली उचलून कपाटात टाकली आणि एक ब्लँक, म्हणजे सॅम्पलशिवायचा, रन लावला.