चिकटलेली पानं

शुक्रवार, रात्र. पाऊस.

"हें सगळें यूट्यूबार आसा मरे, काका."

एवढंच म्हणालं माझ्याकडे ड्रम शिकायला येणारं पोर. मी जुन्या मासिकांचा ओल लागलेला गठ्ठा पंख्याखाली मांडत होतो आणि तो दाराच्या चौकटीवर स्टिकनं पॅराडिडल वाजवत उभा होता. उजवा-डावा-उजवा-उजवा, डावा-उजवा-डावा-डावा. एकाच हाताचे शेवटचे दोन ठोके दरवेळी घाईत. यात लागण्यासारखं काय होतं? काही नाही. तरी जेवण गेलं नाही.

मासिकं ड्रमवाल्यांची. त्यांतलं एक जुनं मासिक 'मॉडर्न ड्रमर'. रॉन स्पॅग्नार्डी यांनी न्यू जर्सीतून जानेवारी 1977मध्ये त्याचा पहिला अंक काढला. बँडमध्ये सगळ्यांच्या मागे बसणाऱ्या माणसासाठी अख्खं मासिक! मुलाखत असते आणि तिच्यासोबत त्या वादकाच्या सेटचा वरून काढलेला नकाशा, प्रत्येक ड्रम आणि झांजेला आकडा, बाजूला इंचांत मापं. नवशिका तो नकाशाच गिरवतो आणि फसतो. त्या माणसाच्या हाताची लांबी नकाशात नसते. परीक्षणं असतात: शेलला, म्हणजे ड्रमच्या गोल अंगाला, पदर किती, जाडी किती मिलिमीटर, कडेचा उतार 45 अंशांचा की गोलसर. इथं गोव्यात, डिचोलीत बसून जो ड्रम हाताला लागणार नाही, त्याची एवढी तरी ओळख. (समोरच्या पानावर त्याच कंपनीची जाहिरात असली तर परीक्षण दोनदा वाचावं.)

पण खरा ऐवज धड्यांच्या पानांत. पाच रेघा, बास ड्रम (पायानं वाजवायचा मोठा) सगळ्यांत खालच्या घरात, स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) वरून दुसऱ्या घरात, हाय-हॅट (पायानं मिटणारी झांजांची जोडी) सगळ्यांत वरच्या रेघेच्याही वर फुलीनं. घोस्ट नोट, म्हणजे जेमतेम ऐकू येणारा ठोका, कंसात, त्यासाठी स्टिक कातड्यापासून इंचभरच उचलायची. खुणांचा तक्ता आधी बघायचा, कारण प्रत्येक मासिकाची पद्धत थोडी वेगळी. मग मेट्रोनोम (टिकटिक करून लय धरणारं यंत्र) मिनिटाला 60 ठोक्यांवर, एक ओळ न चुकता चारदा, मग 64, मग 68. चुकलं की 8 खाली. व्हिडिओत वाजवणाऱ्याचे हात दिसतात. पाय बहुतेक वेळा चौकटीबाहेर आणि कंसातला ठोका मायक्रोफोननं गिळलेला. पान मात्र स्टँडवर गप्प उभं असतं. हे त्याला सांगायला हवं होतं. तेव्हा सुचलं नाही. दादा असता तर… जाऊ दे.

ट्यूनिंगचा धडाही तसाच. जुनं हेड (ड्रमवर ताणलेला पडदा) काढून कड पुसायची. नवं बसवून सगळे रॉड (हेड आवळणारे स्क्रू) बोटांनी लागतील तेवढे फिरवायचे. मग चावी, पाव फेरा एका रॉडला, पाव फेरा थेट समोरच्याला, असं चांदणीसारखं. ओळीनं गोल फिरत गेलं की रिम (हेड दाबून धरणारं कडं) एका अंगाला कलते, दुसऱ्या अंगाला सुरकुती राहते आणि ड्रम कितीही आवळला तरी रडतो. प्रत्येक रॉडसमोर कडेपासून इंचभर आत हलकी टिचकी मारून सूर जुळवायचे. टॉमवर (तारा नसलेल्या ड्रमवर) मारलं की स्नेअरच्या तारा खुळखुळतात? दोघांचे सूर फार जवळ आलेत. टॉम थोडा चढवा किंवा उतरवा, नाहीतर स्नेअरच्या खालच्या हेडचे तारांच्या दोन्ही टोकांजवळचे रॉड जरासे सैल करा. हे व्हिडिओत सांगत नाहीत असं नाही. पण तिथं चावी हातात, फोन मांडीवर, आणि मध्येच जाहिरात.

कुणाला पटवतोय मी हे? तो तर कधीच घरी गेला.

आणि खरं बोलायचं तर कागदानं मलाही फसवलंच आहे. शफल नावाचा ताल. एका मात्रेचे तीन भाग, पहिला आणि तिसरा वाजवायचा, मधला सोडायचा. छापताना पुष्कळदा सोयीसाठी टिंब दिलेली आठव्या भागाची खूण आणि सोळाव्या भागाची खूण असं लिहितात, म्हणजे हिशेबानं तीनास एक. तसंच्या तसं वाजवलं की ताल लंगडतो, कवायतीसारखा होतो. कान नसताना नुसतं वाचून शफल शिकलेला माणूस लगेच ओळखू येतो. मी पुष्कळ काळ ओळखू येत होतो म्हणे. कुणी तोंडावर सांगितलं नाही, एवढीच गोव्याची माणुसकी.

कानांचं पान मात्र त्याच्या हातात द्यायलाच हवं. 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाला आठ तासच राहायचं, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. 100वर पंधरा मिनिटं. बंद खोलीत क्रॅश झांज मारताना तो इअरप्लग खिशात ठेवतो.

मग इथली हवा. 1957च्या सुमारास प्लास्टिकचं हेड आलं आणि वासराच्या कातड्याची दमट हवेत सैल पडण्याची कटकट संपली, हे छापलेलं वाचून पूर्वी केवढा आनंद झाला होता. हेड सैल पडत नाही, खरं. पण श्रावणात रॉड गंजतात, लगमध्ये (रॉड ज्यात फिरतो त्या खाचेत) अडकतात आणि जोर केला की चौकोनी डोकं झिजतं. जूनच्या आधी एकेक रॉड काढून आट्यांवर पातळ ग्रीसचं बोट फिरवावं. आणि त्याच श्रावणात पोरं घुमटाचं (मातीच्या मडक्यासारख्या वाद्याचं) कातडं निखाऱ्यावर धरून तापवतात. पूर्वी ते घोरपडीचं असायचं, त्यावर 1972च्या कायद्यानं बंदी आली, आता बकऱ्याचं. उजवा हात कातड्यावर, डावा तळवा मागच्या छोट्या तोंडावर उघड-मीट करत. सूर तिथंच खाली-वर होतो. पाच रेघांत ही उघड-मीट कशी लिहायची? माझ्या गठ्ठ्यात कुठंच नाही. ते पोर आरतीला ती अशी करतं की मी टाळ्या चुकतो. त्यानं ती यूट्यूबवरून घेतली नाही, माझ्याकडूनही नाही.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, पंधरा दिवसांवर. रविवारी येईल तेव्हा ते शेवटचे दोन ठोके 60वर घेऊ.

गुळगुळीत कागदाला मातीचा लेप असतो. तो ओला होऊन वाळला की दोन पानांचा पुठ्ठा होतो, मग सुटत नाही. ओलं असतानाच सोडवायचं, मध्ये बटर पेपर घालायचा. वेळ नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये. पान 38 आणि 39 तिथं आहेत, बांगड्यांच्या शेजारी. वहिनीनं अजून फ्रीझर उघडलेला नाही.