दारातले चार आणे

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. हत्यारं म्हणजे विळी, अडकित्ता, बाबांचा पान्ह्यांचा डबा आणि अंगणातली १९९९ सालची पांढरी मारुती ८००. बॉनेटला झेंडूची माळ बांधून झाली, दारावर कुंकवाचं स्वस्तिक काढायला वाकले आणि खालच्या काठाशी एक फोड दिसला. मसुराएवढा. रंग फुगलेला, पण फुटलेला नव्हता. असल्या फोडाला हात लावू नये हे कळण्याइतकं माझं वय झालंय, तरी किल्लीचं टोक टोचलंच. किल्ली अर्धा इंच आत गेली. बाहेर आलं ते तांबूस पापुद्र्यांचं भुस्कट, चहात बुडवण्याआधी खारी चुरडावी तसं, थेट हळदकुंकवाच्या तबकात.

"सणासुदीला कशाला उकरत बसलीस गं?" बाबा म्हणाले. जणू मी उकरलं नसतं तर गंज दसरा होईपर्यंत थांबला असता!

गंजाची चाल पोटभाडेकरूसारखी असते. हवा आणि पाणी मिळालं की तो लोखंड खातो, आणि जेवढं खातो त्याच्या दुपटीहून जास्त जागा स्वतः अडवतो. म्हणून वरचा रंग फुगतो. म्हणजे आपल्याला फोड दिसतो तोवर आतला कारभार बराच पुढे गेलेला असतो. तांब्याच्या बंबावर काळपट थर चढतो तो निदान खालच्या तांब्याला सांभाळून तरी घेतो. गंज सांभाळत काही नाही, उलट स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो आणि खालच्या पत्र्याला पाजत राहतो.

नाशिककरांना या बाबतीत उगाच थोडा माज आहे. आमच्याकडे समुद्र नाही, खारी हवा नाही. अलिबागच्या मावशीच्या गाडीची दशा बघून आम्ही चुकचुकायचो. गोदेला पूर आला की सगळं गाव नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं, पाणी कंबरेला लागलं की छातीला. आमच्या मारुतीला पाणी कुठवर चढलंय, हे मात्र कुणी पाहिलं नव्हतं.

ते दाखवलं नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या एका डेंटिंगवाल्या मिस्त्रींनी. त्यांनी फोडाकडे पाहिलंसुद्धा नाही. दार उघडलं, खाली वाकून काठावरून बोट फिरवलं आणि विचारलं, "ताई, ही भोकं कधी साफ केली होती?"

कसली भोकं? गाडी पंचवीस वर्षं घरात आहे आणि दाराच्या तळाला भोकं असतात हे मला त्या दिवशी कळलं. काचेच्या कडेच्या रबरातून पावसाचं पाणी दारात उतरतंच, ते उतरणार हे धरूनच दार बनवलेलं असतं. खालच्या भोकांतून ते निथळून जावं, एवढीच अपेक्षा. आमच्या भोकांत माती बसली होती. दरवर्षी चार महिने दार आतून हौद झालेलं, आणि आम्ही बाहेरून पॉलिश मारतोय.

मिस्त्रींनी दाराचा आतला पुठ्ठा काढला. तळाशी ओला गाळ, कडुनिंबाची कुजलेली पानं आणि चार आण्याचं एक नाणं. गेंड्याचं. पुसलं तर लख्ख! ३० जून २०११ पासून ते चलनातून बाद, पण स्टेनलेस स्टीलचं असल्याने अंगाला डाग नाही. त्यातल्या क्रोमियमचा डोळ्याला न दिसणारा पातळ थर पृष्ठभागावर बसतो आणि हवेला आत येऊ देत नाही. गेंड्याची कातडी म्हणतात ती हीच असावी. शेजारी आमचा पत्रा मात्र चाळणीला आलेला.

काही वर्षांपूर्वी याच दाराचं काम एकाकडून करून घेतलं होतं. त्याने गंज न काढता वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, रंग मारला. दोन दिवसांत गाडी नवरीसारखी घरी आली. दोन पावसाळ्यांत लांबीची खपली हातात. तेव्हा मी रंगाला दोष दिला होता.

मिस्त्री आधी ग्राइंडरला तारेचा ब्रश लावून बसले. गंज दिसत होता त्याच्या दोन बोटं पुढेपर्यंत रंग उडवला, कारण तो रंगाखालून सरकतो. जिथे पत्रा अंगठ्याने दबत होता तिथला कापलाच आणि नवा तुकडा वेल्डिंगने बसवला. उरलेल्या बारीक खड्ड्यांत ब्रश पोचत नाही, तिथे फॉस्फोरिक ॲसिडचा बोळा. टॅनिक ॲसिडचं औषधही मिळतं, ते लावलं की तांबडा गंज बघता बघता निळसर काळा पडतो. लोखंडी कढईत आवळा टाकला की काळा होतो, त्यातलीच ही गंमत. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग मला विचारायचंस, मोरावळ्याला मी लोखंडाचा झारा कधी लावते का?"

संध्याकाळ व्हायच्या आत प्रायमर बसला. उघडा पत्रा रात्रभर दमट हवेत राहिला तर सकाळी पुन्हा तांबूस झाक दिसते, असं मिस्त्री म्हणाले. बिलात सगळ्यात स्वस्त होता तो दाराच्या पोकळीत मारलेला मेणाचा फवारा, आणि मला वाटतं खरं काम तोच करणार आहे. शिवाय निघताना प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका म्हणून बजावलं, कव्हराखाली गाडीला घाम येतो. दोन हजार रुपयांचं कव्हर आता गच्चीवर कोथिंबिरीच्या वाफ्यावर आहे.

गेंडा डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोर ठेवलाय. २०१४, २०१९, २०२४ अशी तीनदा पासिंगला आरटीओची वारी झाली, चौथी २०२९ ला. पाऊस उघडला की मी हिराच्या झाडूची काडी घेऊन चारही दारांखाली गुडघ्यावर बसते. शेजारच्या काकूंना वाटतं, काहीतरी सांडलंय.

परवा तशीच वाकले असताना मागच्या मडगार्डच्या कडेला काहीतरी बोटाला लागलं. मोहरीएवढं. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करताच विचारलं, "किल्ली कुठंय?"