घासाईचे पैसे वेगळे

वडील डोंबिवलीत पॉलिशची कामं घ्यायचे. दुकान नाही, पाटी नाही. पिशवीत चपडा लाख (पातळ पापुद्र्यांची लाख), स्पिरिटची बाटली आणि कापसाची पुरचुंडी, एवढाच संसार. मी धंद्यात आलो तोवर हवा बदलली होती. ज्यांनी नव्वदच्या दशकात हौसेनं हॉलच्या भिंतीला सागाच्या विनियरचं (प्लायवर चिकटवलेल्या पातळ लाकडी पापुद्र्याचं) पॅनेलिंग करून घेतलं, त्यांच्याच घरच्या सुना म्हणायला लागल्या, "फार काळोखी वाटतं हो, पांढरं करून द्या." पॉलिशवाल्याचा मुलगा सागावर पांढरा रंग मारणार म्हटल्यावर वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मारायचाच तर नीट मार."

नेमकं तेच जमलं नाही.

पहिलं मोठं काम ठाण्यातल्या एका काकूंकडचं. घाई होती, म्हणून जुनं पॉलिश मशीन लावून सरसकट उतरवलं आणि लाकूड उघडं केलं. विनियर असतं जेमतेम अर्धा मिलिमीटर. दोन कोपऱ्यांत ते फाटून खालचा प्लाय दिसायला लागला. तिथे लांबी (पुट्टी) भरून वेळ मारून नेली. वर पाण्यातला प्रायमर, त्यावर पांढऱ्याचे दोन हात. पाच दिवसांत काम हातावेगळं. काकूंनी कौतुकानं बेसनाचे लाडू दिले. तीन आठवड्यांनी त्यांचाच फोन, "अरे, भिंतीवर चहा सांडल्यासारखं झालंय."

जाऊन बघतो तर खरंच तसंच. सागात जे रंगीत द्रव्य असतं ते पाण्यात विरघळतं आणि पाण्याच्या रंगाबरोबर वर येतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मी आणखी एक हात मारला. डाग पुन्हा वर. आणखी एक. पुन्हा तेच. शेवटी वडिलांना घेऊन गेलो. त्यांनी भिंतीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "मध्ये लाख का नाही दिलीस?"

म्हणजे डाग अडवायला पांढऱ्या रंगाखालीही शेवटी त्यांचीच लाख! पण तिचीही एक खोड आहे. चपड्यात मेण असतं, आणि मेणावर रंग नीट धरत नाही. म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख न हलवता ठेवून द्यायची. मेण तळाशी बसलं की वरची नितळ तेवढी ओतून घ्यायची. आता बाजारात मेण काढलेली लाख तयार मिळते, आम्हीही तीच वापरतो. ते काम आम्ही पदरच्या पैशानं पुन्हा केलं. त्या वर्षी दिवाळी साधीच झाली.

तेव्हापासून नवीन घरात गेलो की आधी स्पिरिटचा बोळा कोपऱ्यात घासून बघतो. पृष्ठभाग चिकट झाला तर लाख पॉलिश आहे. नाही झाला तर थिनर लावून बघायचा. विरघळलं तर लॅकर. दोन्हीला दाद दिली नाही तर मेलामाईन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असं कडक पॉलिश, आणि तिथे पॉलिश उतरवण्यापेक्षा 180 नंबरच्या सँडपेपरनं चकाकी घालवून प्रायमरला पकड देणं शहाणपणाचं. घासायचं ते लाकडाच्या रेघांच्या दिशेनंच. मोल्डिंगच्या खाचेत मशीन जात नाही, तिथे पेपरची घडी घालून बोटानंच. आमचे पॉलिशवाले चाचा तासभर एकाच खाचेत रमतात, मी घड्याळ बघत राहतो.

आधीचा ऑइल पेंट असेल तर कोरडी घासाई आम्ही करत नाही. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या (दहा लाख भागांत 90 भाग) आत ठेवण्याचा नियम 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय होतं कोण जाणे, म्हणून पाणी लावून घासायचा पेपर, तोंडाला मास्क, आणि घरातली लहान मुलं त्या दिवशी आजीकडे.

पावसाळ्यात भरीव सागाच्या पॅनेलला रंग द्यायचा आग्रह झाला तर मी सरळ नाही म्हणतो. तेव्हा लाकूड फुगलेलं असतं; मे महिन्यात ते आक्रसतं आणि चौकटीच्या कडेनं बिनरंगाची तपकिरी रेघ उघडी पडते. आणि पॅनेल ठोकून पाहताना आतून पोकळ, भुसभुशीत आवाज आला तर रंगाचं बोलणंच थांबवायचं. कितीतरी घरांत ओली भिंत झाकायलाच पॅनेलिंग केलेलं असतं, आणि मागच्या रीपा वाळवीनं खाल्लेल्या.

आमच्या कोटेशनमध्ये तयारी आणि रंग अशा दोन वेगळ्या ओळी असतात, आणि तयारीची रक्कम जास्त. "घासायचे वेगळे पैसे?" हे दर दुसऱ्या घरी ऐकतो. पूर्वी वाद घालायचो. आता बॅगेतून काकूंकडचा, तेव्हा बदललेल्या कोपऱ्याचा फूटभर तुकडा काढतो. अर्ध्या भागाखाली लाख आहे, अर्ध्याखाली नाही. कुठला अर्धा कुठला, हे सांगावं लागत नाही. लाख वडिलांनी लावलीय, त्यांच्या त्या जुन्या पुरचुंडीनं.