अज्ञात वाहन, कंडक्टर काका आणि ५० हजारांची फाइल

सायकलवाल्याला मागून ठोकून गाडी पळाली आणि नंबर कोणाला दिसला नाही, तर काही मिळत नसते असं आमच्याकडे सगळे धरूनच चालतात. मिळतं. हाड मोडलं असेल तर ५० हजार आणि माणूस गेला असेल तर घरच्यांना २ लाख. हे केंद्राच्या कायद्यातलंच आहे, कोणाची मेहरबानी नाही. पण ते मिळवायला कुठं कुठं जावं लागतं आणि कोणता कागद कुठं अडतो हे आम्हाला कंडक्टर काकांच्या फाइलीमागं फिरूनच कळलं, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

आधी ग्रुपबद्दल थोडं. यवतमाळ जिल्ह्यातला आमचा लहानसा तालुका, तिथला हा सायकल ग्रुप. दोन मास्तर, एक कृषी केंद्रवाला, मेडिकलवाला, बँकेतले एक साहेब, कॉलेजची पोरं आणि एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर काका. रोज सकाळी पंधरा-वीस किलोमीटर, रविवारी लांब, म्हणजे कधी बेंबळा धरण तर कधी कळंबच्या चिंतामणीला. गिअरच्या सायकली मोजक्या, बाकी साध्या, आणि काकांची तर कॅरिअर-स्टँडवाली काळी जुनी सायकल जी चढावर आम्हा सगळ्यांच्या पुढं असते. महिन्यातून एकदा शाळेसमोर बसून पोरींच्या सायकली दुरुस्त करतो. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या पोरींना सायकली मिळतात पण वर्षभरात ब्रेकचे रबर गेलेले असतात, आणि गावाहून शाळेत येणाऱ्या पोरी त्याच रस्त्यानं येतात ज्या रस्त्यानं कापसाच्या जिनिंगच्या गाड्या जातात.

रस्ता म्हणाल तर नागपूर-तुळजापूर हायवे चौपदरी झाल्यापासून तिथं बाजूनं चालवायला जागा आहे, पण राँग साईडनं येणारे मोटरसायकलवाले जीव खातात. आतल्या रस्त्यांवर साईडपट्टीच नसते, डांबर संपलं की सरळ वीतभर खाली मुरूम, गाडी आली म्हणून खाली उतरायला गेलं की हँडल फिरलंच. दसऱ्याच्या आसपास अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळायला टाकलेलं असतं आणि भोवती दगड मांडलेले. पहाटे वावरातून रोही, म्हणजे नीलगाय, अचानक आडवा येतो. कापसाच्या ट्रॉलीला मागून एकही लाल लाईट नाही. हे सगळं आम्हाला पाठ होतं आणि सवय झाली होती म्हणा ना.

दिवाळीनंतरची गोष्ट. थंडी पडायला लागली होती, धुकं होतं, उजाडायचं होतं. आम्ही एकामागं एक चाललो होतो, काका शेवटी, कारण त्यांना मध्येच थांबून पानठेलेवाल्याशी बोलायचं असतं. मागून गाडीचा आवाज आला, मग धाड, आणि एक पिकअप की छोटा हत्ती आमच्या बाजूनं निघून गेली. ब्रेक मारल्याचा आवाजसुद्धा नाही. मागं वळून पाहिलं तर काका साईडपट्टीच्या खाली पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या पिकात, पडलेले आणि सायकलचं मागचं चाक पार आठाच्या आकड्यासारखं झालेलं. काका शुद्धीवर होते, पहिला प्रश्न "सायकल कशी हाये?" डावा खांदा मात्र हलवता येईना. सायकल उचलली तेव्हा दिसलं की मागचा ब्लिंकर चालूच होता, पण कॅरिअरवर घडी करून बांधलेल्या स्वेटरची बाही त्याच्यावर लोंबत होती. हे मी मुद्दाम लिहितोय. आपण लाईट लावतो, चालू आहे का तेही पाहतो, पण मागं वीस पावलं जाऊन तो दिसतो का हे कोणी पाहत नाही.

१०८ ला फोन केला, गाडी आली, आधी ग्रामीण रुग्णालय. इथंच पहिलं भांडण झालं आणि तेही आपसातच. काकांचा पोरगा म्हणाला सरळ प्रायव्हेटमध्ये नेऊ, पोलिसाचं लफडं नको. शेजारचे एक जण म्हणे, "काहून पोलिसाच्या भानगडीत पडता भाऊ, जीव वाचला ना, झालं मंग." आमचा मेडिकलवाला अडून बसला की आधी इथं एमएलसी होऊ द्या, मग कुठंही न्या. एमएलसी म्हणजे अपघाताची केस म्हणून दवाखान्याच्या रजिस्टरात नोंद आणि तिथून पोलिसाला कळवणं. तो अडला नसता तर पुढचं काहीच झालं नसतं, कारण नंतर प्रत्येक टेबलावर पहिला प्रश्न तोच आला, एमएलसी नंबर काय. आणि ज्यांना भीती वाटते की जखमीला नेलं तर आपणच अडकू त्यांच्यासाठी सांगतो, २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम घातलंय, मदत करणाऱ्यावर त्यावरून केस होत नाही आणि नाव सांगायची सक्तीही करता येत नाही. आम्ही नाव दिलं ते साक्षीदार म्हणून, आमच्या मर्जीनं.

एक्सरेत कॉलर बोन तुटलेलं निघालं, यवतमाळला नेलं, प्लेट टाकावी लागली. रस्ते अपघातात पहिले ७ दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचाराची योजना २०२५ मध्ये आली आहे, पण ती यादीतल्या दवाखान्यातच चालते आणि पोरानं काकांना जिथं ॲडमिट केलं तो दवाखाना यादीत नव्हता. त्या घाईत यादी कोण पाहतो. आता आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये ती आहे.

ठाण्यात फिर्यादी मी झालो. बिट जमादार चांगला माणूस निघाला, त्याच दिवशी जागेवर येऊन पंचनामा केला, आरशाच्या काचेचे तुकडे वेचून नेले, पेट्रोल पंपाचा कॅमेरा पाहिला पण धुक्यात नुसते दोन लाईट दिसतात. एफआयआर "अज्ञात वाहनचालक" अशी झाली, न्याय संहितेचं २८१ आणि १२५ कलम. इथं एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पहिल्यांदा कच्च्या कागदावर "दुखापत" एवढंच लिहिलं होतं. एक्सरे रिपोर्ट नेऊन दिला तेव्हा "गंभीर दुखापत" झालं. हाड मोडलं की कायद्यानं ती गंभीरच, पण ते कागदावर यायला पाहिजे, कारण ५० हजार गंभीर दुखापतीलाच आहेत, साध्या मुक्या माराला काही नाही.

मग बरेच दिवस काहीच नाही. गाडी सापडली नाही, सापडेल असं कोणाला वाटतही नव्हतं. काकू म्हणायच्या जाऊ द्या आता. आमच्यातल्या बँकेतल्या साहेबांचा भाचा यवतमाळला वकिली करतो, त्यानं सहज फोनवर सांगितलं की अहो हिट अँड रनची, म्हणजे ठोकून पळालेल्या गाडीची, स्कीम आहे ना, मोटार वाहन कायद्याचं कलम १६१. आधी ही भरपाई फारच कमी होती, मृत्यूला २५ हजार आणि गंभीर जखमेला साडेबारा, ती १ एप्रिल २०२२ पासून २ लाख आणि ५० हजार झाली. वर सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२४ मध्ये सांगून ठेवलंय की गुन्हा दाखल झाल्यापासून महिनाभरात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनीच जखमीला किंवा वारसाला लेखी कळवायचं की तुम्हाला असा असा अर्ज करता येतो. म्हणजे पत्र आपल्या घरी यायला पाहिजे. आमच्याकडे आलं नव्हतं. पण जमादाराला हे सांगितलं तर त्यानं वाद घातला नाही, ठाणेदार साहेबांकडे नेलं आणि वाहन मिळून आलं नाही असं पत्र लगेच मिळालं. एवढं सोपं होतं तर आधी का नाही, हा प्रश्न मी गिळला, कामाशी काम.

खरा घोळ पुढं. अर्ज तालुक्यातच द्यायचा असतो, ज्या भागात अपघात झाला तिथल्या क्लेम्स इन्क्वायरी ऑफिसरकडे, आणि हा ऑफिसर म्हणजे वेगळा कोणी नसून महसूलचाच अधिकारी, एसडीओ (उपविभागीय अधिकारी) किंवा तहसीलदार. ऑफिसात ज्या टेबलावर गेलो तिथले बाबू म्हणाले, "असं काई नसते बाप्पा, तुमी कोर्टात जा." दुसऱ्या टेबलावर सांगितलं की हे आरटीओचं काम. तिसरीकडे शेतकरी अपघात विम्याचा फॉर्म हातात दिला, काकांच्या नावानं सातबारा आहे का म्हणून विचारलं. काका म्हणे, "सातबारा कुठचा, तिकीट मशीन होती ते बी जमा केली." सगळे हसले, काम झालं नाही. मला राग त्या बाबूचा आला नाही इतका याचा आला की माहीत नाही असं म्हणायला कोणी तयार नाही, प्रत्येकजण ठामपणे चुकीचं सांगतो.

शेवटी स्कीमच्या राजपत्राची प्रिंट काढली, जिथं इन्क्वायरी ऑफिसर कोण ते लिहिलंय तिथं पेन्सिलनं रेघ मारली आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. साहेबांनी वाचलं, बाबूला बोलावलं, "हा अर्ज घ्या." पाच मिनिटांचं काम. तेव्हापासून मी कुठल्याही ऑफिसात नियमाची प्रिंट घेतल्याशिवाय जात नाही.

कागद काय लागले तर फॉर्म १ मधला अर्ज, एफआयआर आणि पंचनाम्याची कॉपी, एमएलसी आणि जखमेचं सर्टिफिकेट, दवाखान्याची बिलं आणि डिस्चार्ज कार्ड, आधार, बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, आणि एक हमीपत्र की उद्या गाडी सापडली आणि तिकडून भरपाई मिळाली तर हे पैसे परत करू. पासबुकावर नाव आणि आधारावर नाव एकच आहे का ते आधी बघून घ्या. काकांच्या आधारावर वडिलांचं नाव आधी आणि आडनाव शेवटी, पासबुकात उलटं, त्यापायी सेतू केंद्रात एक चक्कर वाढली. आणि अर्ज दिल्यावर आवक नंबर टाकून सही-शिक्क्याची पोच घ्या, ती नसेल तर तुम्ही अर्ज दिलाच नाही असं समजा.

नियमात मुदती आहेत. इन्क्वायरी ऑफिसरनं महिन्याभरात चौकशी करून रिपोर्ट कलेक्टरकडे पाठवायचा, कलेक्टर म्हणजे इथं क्लेम्स सेटलमेंट कमिशनर, त्यांनी १५ दिवसांत मंजुरी द्यायची आणि मग जनरल इन्शुरन्स कौन्सिलकडून, म्हणजे विमा कंपन्यांच्या परिषदेकडून, आणखी १५ दिवसांत पैसे सरळ खात्यात. आमचं इतक्या वेळेत झालं नाही. रिपोर्ट निघाला पण वर जाताना एक्सरे रिपोर्ट जोडायचा राहिला म्हणून फाइल परत आली, मग निवडणुकीची कामं म्हणून थांबली. आम्ही भांडलो नाही, फक्त दर आठवड्याला कोणीतरी एकजण पोच दाखवून "साहेब, कुठवर आली" विचारून यायचा. माणूस दरवेळी वेगळा, त्याचा परिणाम बरा होतो, ऑफिसवाल्यांना वाटतं मागं बरेच लोक आहेत.

दरम्यान ग्रुपमध्ये बरंच बदललं, थोडी कुरबुर होऊन. थंडीत उजाडल्याशिवाय डांबरावर चाक नाही, हे पोरांना पटत नव्हतं कारण कॉलेज असतं. तर पोरांनी पहाटे शाळेच्या ग्राउंडवर व्यायाम करायचा आणि नंतर सायकल. शेवटच्या माणसानं कायम रिफ्लेक्टर जॅकेट घालायचं आणि शेवटचा माणूस जुना-जाणता पाहिजे, ज्याचा आवाज मोठा आहे. मागून गाडी आली की तो "मागं!" ओरडतो, सगळे एका रांगेत. ब्लिंकर कॅरिअरखाली नाही, सीटच्या दांडीला. हेल्मेटवर अजून एकमत नाही, सायकलवाल्याला कायद्यानं सक्ती नाही म्हणून दोघं-तिघं ऐकतच नाहीत आणि मला तो हट्ट मूर्खपणाचा वाटतो, काकांचं डोकं डांबरावर आपटलं नाही हे नशीब होतं, पऱ्हाटी होती म्हणून. आणखी एक काम केलं जे सगळ्यात स्वस्त पडलं. लाल-पांढऱ्या रेडियमचे रोल आणले आणि जिनिंगसमोर उभ्या असलेल्या कापसाच्या ट्रॉल्यांना मागून पट्ट्या मारत सुटलो. दोन-चार ड्रायव्हरांनी आधी विचारलं पैसे किती, फुकट म्हटल्यावर बैलगाडीवालेही रांगेत आले.

पैसे आले तेव्हा काका बँकेत पेन्शनची एंट्री मारायला गेले होते, मशीनमधून पासबुक निघालं तर ५०,०००. ऑपरेशनचा खर्च त्याहून बराच जास्त झाला होता, पण पोराचं कर्ज थोडं हलकं झालं. पोलीस केस "अ समरी" होऊन बंद झाली, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. काका सायकल पुन्हा चालवतात पण फक्त गावात, हायवेला काकू सोडत नाहीत आणि या बाबतीत आम्ही सगळे काकूंच्या बाजूनं.

हे ऐकून बाजूच्या गावची एक बाई आली. नवरा याच पावसाळ्यात वावरातून सायकलनं घरी येताना गेला, संध्याकाळची वेळ, गाडी कोणती ते माहीत नाही. एफआयआर आहे, पोस्टमॉर्टम आहे, पण २ लाखाचं तिला कोणीच सांगितलं नव्हतं. फॉर्म भरला, वारसाचे कागद जोडले, पोच घेतली. तिची फाइल सध्या तहसीलातच आहे, सोमवारी विचारायला जायची पाळी मेडिकलवाल्याची.