थंड तव्यावर बेकन

बेकन, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाच्या पातळ पट्ट्या, करताना मी तवा आधी तापवत नाही. पोळ्यांच्या सवयीमुळे हात आधी गॅसकडे जातो आणि बेकन तिथेच बिघडतं. तापलेल्या तव्यावर पट्टी पडली की मांसाचा भाग लगेच आक्रसतो, चरबी मात्र अजून घट्टच असते. पट्टी वाकडी होते, उचललेली टोकं कच्ची राहतात आणि तव्याला टेकलेला भाग काळा पडतो. म्हणून बिडाचा किंवा जाड बुडाचा तवा थंड असतानाच पट्ट्या एकमेकींवर न चढवता मांडायच्या, २ चमचे पाणी घालायचं आणि मग गॅस लावायचा, तोही मंद. तेल नाही, मीठ नाही.

पुढचं काम लोणी कढवण्यासारखं आहे. ज्यांना साजूक तूप कढवायची सवय आहे त्यांना बेकन कानानेच जमतं. आधी पाणी तडतडतं. ते उडून गेलं की आवाज खाली येतो, चरबी काचेसारखी दिसायला लागते आणि सुटते. मग पट्टीच्या कडेने बारीक पांढरा फेस धरतो. फेस आला की चिमट्याने उलटायचं, आणि तिथून पुढे दर मिनिटाला एकदा. पातळ पट्टीला ८-१० मिनिटं, जाडीला १२-१५. बेरी बदामी असतानाच आपण तूप उतरवतो, तसंच इथे. रंग तांबूस झाला, चिमट्यात धरल्यावर पट्टी अजून थोडी लवते आहे, तेव्हाच काढायची. कागदावर २ मिनिटं ठेवली की शंकरपाळ्यासारखी गार होताना ती आपोआप कडक होते. तव्यावरच कडक होऊ दिली तर ताटात येईपर्यंत जळकट लागते.

मंद आच चवीसाठी आहे, तशीच तब्येतीसाठीही आहे. बेकन आणि बहुतेक सॉसेजमध्ये सोडियम नायट्राइट असतं, पाकिटावर ते २५० या क्रमांकाने लिहिलेलं सापडतं. ते उगाच घातलेलं नसतं. बोट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा करणारे जंतू त्यामुळे वाढत नाहीत. त्या रोगाचं नावच सॉसेजसाठी असलेल्या लॅटिन शब्दावरून आलं आहे. मांसाचा गुलाबी रंगही त्याचाच. पण मोठ्या आचेवर हेच नायट्राइट मांसातल्या अमाइन्स नावाच्या द्रव्यांशी मिळून नायट्रोसअमाइन्स ही नवी द्रव्यं तयार करतं, आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. पट्टी जितकी करपेल तितकी ती जास्त. घटकांच्या यादीत ३०१ किंवा ३१६ दिसलं तर चांगलं, कारण ही क जीवनसत्त्वाच्या कुळातली द्रव्यं ती प्रक्रिया दाबतात. अमेरिकेत तर १९७८ पासून खारवणाचं पाणी टोचून केलेल्या बेकनमध्ये ती घालणं सक्तीचं आहे. ‘नायट्राइट घातलेलं नाही’ असं लिहून सेलरी या भाजीची पूड वापरलेली असेल तर मी जास्त पैसे देत नाही. सेलरीतल्या नायट्रेटचं नायट्राइटच होतं, आणि मांसाला ते कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं.

मायक्रोवेव्ह असेल तर दोन कागदी रुमालांमध्ये पट्ट्या ठेवून प्रत्येकीला साधारण एक मिनिट द्या. चव तव्याच्या तोडीची येत नाही, पण नायट्रोसअमाइन्स सगळ्यात कमी यातच होतात. घाईच्या सकाळी मी हेच करते.

सॉसेजची गोष्ट वेगळी. आधी पाकीट नीट वाचायचं: आतलं कच्चं आहे की शिजवलेलं? आपल्याकडे फ्रोझन मिळणारे चिकन सॉसेज बहुधा शिजवलेले असतात, त्यांना फक्त वाफ निघेपर्यंत गरम करायचं. घरात गरोदर बाई किंवा वयस्कर माणूस असेल तर मात्र ‘शिजवलेलंच आहे’ म्हणून थंड खायला देऊ नये. लिस्टेरिया हा जंतू फ्रिजच्या थंडीतही वाढतो.

कच्च्या सॉसेजला आदल्या रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, ओट्यावर नको. मग पसरट भांड्यात ते अर्धे बुडतील इतकं पाणी घालून, झाकण ठेवून १०-१२ मिनिटं. पाणी उकळू द्यायचं नाही, बुडाशी बारीक बुडबुडे दिसले की पुरे. खळखळ उकळलं की आतल्या पाण्याची वाफ होते, बाहेरचं आवरण त्याच वेळी आकसतं, आणि सॉसेज उभं फाटतं. फाटू नये म्हणून काट्याने टोचतात, ती चूक आहे. त्या भोकांतून रस आणि चरबी निघून जाते आणि आत भुसा उरतो. शिजलं की पाणी ओतून टाका, चमचाभर तेल घाला आणि ३-४ मिनिटं फिरवत राहून रंग आणा.

शिजलं की नाही हे रंगावरून ठरवता येत नाही, हे मी सॉसेज वाया घालवून शिकले. नायट्राइट असलेलं मांस पूर्ण शिजलं तरी गुलाबीच राहतं. ते पांढरं व्हायची वाट पाहिली की सॉसेजचं रबर होतं. उलट नायट्राइट नसलेलं बाहेरून तपकिरी दिसतं आणि मध्ये कच्चं असू शकतं. स्वयंपाकाचा थर्मामीटर घ्या. तो टोकाकडून लांबीत घालायचा, म्हणजे सुई बरोबर मध्यावर येते. आडवा खुपसला तर तव्याची उष्णता मोजली जाते. डुकराच्या मांसाला आत ७१ अंश, चिकनला ७४. डुकराचं मांस कच्चं राहिलं तर टेपवर्म पोटात जाऊ शकतो, तेव्हा इथे अंदाज नकोच.

आता किती खायचं. ऑक्टोबर २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात, म्हणजे कर्करोग होतो हे नक्की ठरलेल्या गोष्टींत, टाकलं. तंबाखूही त्याच गटात आहे, पण याचा अर्थ सॉसेज सिगारेटइतकं घातक असा होत नाही. गट पुराव्याची खात्री सांगतो, धोक्याचा आकार नाही. आकार असा: रोज ५० ग्रॅम खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. म्हणजे मूळ जो धोका असेल त्याच्या १८ टक्के, शंभरातल्या १८ जणांना कर्करोग होतो असं नाही. माझ्या काट्यावर कच्ची २५ ग्रॅमची पट्टी शिजून ८-९ ग्रॅम भरते, एक सॉसेज ३५-४० ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमला दीड सॉसेजही लागत नाही. आणि चिकनचं सॉसेज हलकं या समजुतीत राहू नका. संस्थेच्या व्याख्येत कोंबडीचं प्रक्रिया केलेलं मांसही येतं.

इंदूरात मला जास्त काळजी मिठाची वाटते. पाकिटावर सोडियमचा आकडा असतो, त्याला अडीचने गुणलं की मीठ. १०० ग्रॅममध्ये ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ, आणि दिवसभरासाठी ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. त्याच नाश्त्याला पोह्यांवर जिरावण (इंदुरी खारट-आंबट मसाला) आणि मूठभर शेव पडली की सकाळीच निम्म्याच्या वर गेलो. सॉसेज असेल त्या दिवशी माझ्या पोह्यांवर फक्त लिंबू, कोथिंबीर आणि डाळिंबाचे दाणे. बहुतेकदा मी २ सॉसेज चौघांत पुरवते: बारीक चिरून कांद्याची पात आणि सिमला मिरचीबरोबर परतायचे, वर मीठ नाही, सोबत ज्वारीची भाकरी. लहान मुलांना गोल चकत्या कधीच देऊ नका, त्या घशात बुचासारख्या बसतात. आधी उभे चार भाग, मग बारीक तुकडे.

बेकन दर वेळी घराजवळ मिळेलच असं नाही. महूहून आणायचं तर वीस-पंचवीस किलोमीटरचा रस्ता, आणि मे महिन्यातलं इंदूर. बर्फाच्या पिशव्या घालून थर्माकोलचा डबा न्यायचा आणि बाकीची कामं आधी उरकायची. दुकानात पाकीट दाबून पाहा. आत बर्फाचे मोठे खडे किंवा एकमेकांना चिकटून चपटे झालेले सॉसेज असतील तर माल मध्येच वितळून पुन्हा गोठलाय, तो घेऊ नका.

फोडलेलं बेकन फ्रिजमध्ये आठवडाभर चालतं. जास्त असेल तर चार-चार पट्ट्या बटर पेपरमध्ये गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवा आणि महिन्याभरात संपवा. तव्यात सुटलेल्या चरबीचा वास फार मोहवतो, पण ती मी फोडणीला घेत नाही, कारण तळताना झालेली नायट्रोसअमाइन्स मांसापेक्षा त्या चरबीत जास्त उतरतात. सिंकमध्येही ओतत नाही, गार झाली की ती नळीतच गोठते. जुन्या डब्यात ओतायची, घट्ट झाली की कागदात गुंडाळून ओल्या कचऱ्यात, आणि तवा साबण लावण्याआधी कागदाने पुसून घ्यायचा.