मुन्नार: किमान तीन मुक्काम काढा

डिसेंबरात आईला घेऊन मुन्नारला जाऊन आले. नेत्रावती एक्स्प्रेसने कोचीजवळच्या आलुव्याला उतरलो आणि तिथून टॅक्सी केली. अंतर साधारण 110 किलोमीटर, पण घाटामुळे चार तास धरून चाला. नेरियमंगलमचा पूल ओलांडला की चढ लागतो. गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसावं, पोटात थोडंच असावं. आम्ही आलुव्यात भरपेट जेवून निघालो आणि अडीमालीपर्यंत आई डोळे मिटून बसली होती.

मुन्नारचा बाजार गजबजलेला आहे, तिथे मुक्काम करू नका. चार-पाच किलोमीटर बाहेर, मळ्यांच्या बाजूला खोली घ्या. पहाटे खिडकी उघडली की समोर फक्त हिरवे उतार आणि मधूनच सिल्व्हर ओकची झाडं.

राजमलाईला, म्हणजे एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात, निलगिरी ताहर, म्हणजे डोंगरी रानबकरे, अगदी जवळून दिसतात. तिकीट आधी ऑनलाइन काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिल्लांच्या जन्माच्या काळात उद्यान बंद असतं, त्यामुळे बेत ठरवताना चौकशी करा. डोंगर निळे करणारी नीलकुरिंजी मात्र बारा वर्षांनी एकदाच फुलते. 2018 नंतर आता 2030.

नल्लतन्नीचं चहा संग्रहालयही चुकवू नका. पूर्वी मुन्नारहून चहा छोट्या रेल्वेने वर जायचा आणि पुढे रोपवेने खाली उतरायचा. 1924च्या महापुरात ती रेल्वे वाहून गेली. ती जिथे संपायची त्या जागेचं ‘टॉप स्टेशन’ हे नाव तेवढं उरलं.

पण एकच गोष्ट करायची असेल, तर कोलुक्कुमलाईच्या डोंगरमाथ्यावरच्या चहामळ्यात जा. जागा तमिळनाडूत, रस्ता मात्र केरळच्या सूर्यनेल्लीतून. आपली गाडी तिथे चालत नाही, जीपच करावी लागते, तीही पहाटे चारच्या सुमारास. रस्ता दगडधोंड्यांचा, हाडं खिळखिळी होतात. कंबर-मणक्याचं दुखणं असलेल्यांनी हा बेत सोडून द्यावा. आईला मी खोलीवरच ठेवलं. वर सात हजार फुटांहून जास्त उंची, वारा बोचरा. कानटोपी हवीच. सूर्य आला तेव्हा पायाखाली ढगांचा नुसता कापूस होता.

तिथल्या जुन्या चहा कारखान्यात लाकडी मजल्यावर पानं सुकत पसरलेली असतात. ओल्या गवताचा आणि पिकल्या फळाचा मिळून वास येतो. तिथला कोरा चहा दूध-साखर न घालता प्या. आपल्या ममरी, म्हणजे दाणेदार, चहाच्या सवयीला तो फिका वाटेल, दुसऱ्या घोटाला कळतो.

परतताना मळ्यात बायका काम करत होत्या. हातात कात्री, तिलाच जोडलेला डबा, पाठीवर पोतं, कमरेला प्लॅस्टिकचा कागद. बहुतेक जणी तमिळ बोलणाऱ्या. उतार असा, की मला नुसतं उभं राहता येईना. फोटो काढायचा तर आधी विचारा, आणि त्यांच्या वाटेत उभे राहू नका.

चहा कारखान्यातूनच घ्या, पाकिटावरची तारीख बघून. आणि परतीला घाट उजेडातच उतरा, संध्याकाळी धुकं फार लवकर खाली येतं.